टक होण्याआधीची रेघ

३ फेब्रुवारी, सोमवार

वही नवी आहे. आधीच्या तिन्ही वह्या दहाव्या-बाराव्या पानावर संपल्या, नोकऱ्यांसारख्याच. कुरिअर सात महिने, फोटो स्टुडिओ चार, कापडाचं दुकान अकरा दिवस. कॉलेज धरतच नाही, ते मी धरलंही नव्हतं. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे आणि डोक्याला भोक. म्हणून तिने मला तिच्या भावाकडे पाठवून दिलं.

मामा बावीस वर्षं एकाच कारखान्यात आहे, त्यातली चौदा एकाच जागी उभा. ऐकूनच माझे पाय दुखले. त्याने साहेबांकडे शब्द टाकला आणि मी त्याच्या हाताखाली लागले. सगळे मला ‘भाचीबाई’ म्हणतात. नाव विचारायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

कारखान्यात मोटारसायकली जोडतात. मोठ्या नव्हेत, नवशिक्यांच्या. सीट खाली, क्लच मऊ, इंजीन छोटं, पडली तर एकट्याला उचलता येईल एवढंच वजन. मामाचं काम पुढच्या ब्रेकचं. चाकाची तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो तो कॅलिपर. तो दोन बोल्टांनी बसवायचा. आधी साध्या पान्याने आवळायचा, मग टॉर्क रेंच लावायचा. हा लांब दांड्याचा रेंच ठरलेला जोर बसला की हातात ‘टक’ करतो. टक झालं की रंगाच्या मार्करने बोल्टच्या डोक्यावरून कॅलिपरपर्यंत एक सरळ रेघ ओढायची. रेघ म्हणजे सही. रेघ दिसली की पुढचा माणूस त्या बोल्टला हात लावत नाही.

प्रत्येक जागेचा रंग वेगळा. मामाचा जांभळा. जांभळाच का, विचारलं तर म्हणाला, “मी उशिरा पोचलो. चांगले रंग संपले होते.” शिकाऊ माणसाला सहा महिने रंग मिळत नाही, तोवर शिकवणाऱ्याच्या रंगात काम करायचं.

“माझी सही तुझ्या हातात देतोय,” मामा म्हणाला.

“चेकवर नाही ना?” मी म्हटलं.

तेव्हा हसला नाही. दुपारी डबा खाताना हसला. त्याचं हसू मागच्या गाडीने येतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज स्टोअरमध्ये नवी खोकी आली. स्टोअरच्या बाईला सगळे खोकेवाली म्हणतात. हातात कटावणी, कानात पेन्सिल, तोंडात कायम कुणाची तरी टिंगल. मी सुट्टीत तिच्याकडे गेले आणि सुट्टी संपल्यावरही तिथेच होते.

मला वाटायचं, टाकीवर ज्या कंपनीचं नाव, तिनेच गाडी बनवलेली असते. खोकेवाली हसून हसून खोक्यावर बसली.

“अगं वेडे, इंजिनाचं ओतकाम एकीकडे, ते कापून घासून गुळगुळीत करणार दुसरीकडे. चेन तिसरीकडची. तारा चौथीकडच्या. आणि हा ब्रेक बघ. हाच ब्रेक त्या दुसऱ्या कंपनीच्या गाडीलाही लागतो, जिच्याशी आपलं हाडवैर आहे म्हणून जाहिरातीत सांगतात. ब्रेक तोच, खोकं वेगळं.”

“मग आपल्या कंपनीचं काय असतं?”

तिने लोखंडी कपाटाचं कुलूप काढून एक पाकीट दाखवलं. आत टाकीवर चिकटवायच्या नावाच्या पट्ट्या. मोजून आलेल्या, एक हरवली तर चौकशी. “हे,” ती म्हणाली. “गाडीतला सगळ्यात हलका भाग, आणि कुलूप ह्यालाच.”

मी खोक्यांवरची लेबलं सोडवून आणली आणि वहीच्या मागे चिकटवली. काही लिप्या मला वाचता येत नाहीत. एकीच्या अक्षरांना शेपट्या आहेत, एकीची अक्षरं छोट्या छोट्या खिडक्यांसारखी. मला वाटलं, मी कुठेच गेले नाहीये, पण सगळीकडून काहीतरी माझ्या हाताखाली येतंय. एक दिवस हीच गाडी घेऊन ह्या सगळ्या लेबलांच्या गावी जाईन. आधी चालवायला शिकावी लागेल म्हणा.

मामा म्हणाला, “बावीस मिनिटं उशीर.” एवढंच. बावीस हा आकडा त्याच्या फारच आवडीचा आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मामाला नव्या मॉडेलच्या शिकवणीसाठी पलीकडच्या शेडमध्ये बोलावलंय, गुरुवार दुपारपर्यंत. जागेवर मी एकटी. आधी फार मोठं वाटलं, मग फार कंटाळा आला.

आमच्या मापाचे दोन रेंच आहेत. त्यातला एक तपासणीला गेलाय. उरलेला मी आणि शेजारच्या जागेवरचा चेनवाला, दोघांत एक. तो घेऊन बसला की बसला. गाड्या तर येतच राहतात. म्हणून मी एक युक्ती काढली. पान्याने कचकचून आवळायचं, रेघ मारून ठेवायची आणि रेंच आला की एकदम सगळ्यांना टक करून टाकायचं.

रेंच उशिरा आला. तोवर गाड्या पुढे सरकल्या होत्या. तेरा होत्या. पण मी आवळलेलं घट्टच असतं. लोणच्याच्या बरण्यांची झाकणं घरात माझ्याशिवाय कुणाला उघडत नाहीत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तेरा गाड्या. रेंच मागितलाच नाही. दुपारी खोकी फुटली. नवं लेबल मिळालं, त्यावर पक्ष्याचं चित्र.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मामा दुपारी परत आला तेव्हा मी स्टोअरमध्ये होते. धावत आले. तो माझ्या गाड्यांपाशी उभा होता, हात पाठीमागे बांधून.

“रेंच कुठंय?”

“चेनवाल्याकडे. झालंय माझं.”

“सगळ्यांना टक झालं?”

“हो.”

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, माझ्या केसांत लाकडाचा भुसा अडकलाय, म्हणून मी केस झटकले. मग तो स्वतः जाऊन रेंच घेऊन आला आणि दिवसाच्या उरलेल्या चार गाड्या त्यानेच केल्या. मला मार्करला हातही लावू दिला नाही. संध्याकाळी दिवसाच्या कामाच्या तक्त्यावर सही करताना पेन थांबवलं होतं त्याने. मग केली. घरापर्यंतच्या दोन मैलांच्या रस्त्यात एक शब्द नाही. म्हाताऱ्या माणसांना आपल्या जागेचा फार लोभ असतो.

२६ मार्च, बुधवार

मधे महिनाभर काहीच लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. आज आहे, पण लिहावंसं वाटत नाही.

गाडी शिकवायच्या एका शाळेने आपल्या दोन गाड्या घेतल्या होत्या. शनिवारी त्यातल्या एकीवर एक बाई शिकत होत्या. उताराच्या वळणावर पुढचा ब्रेक दाबला, तर कॅलिपर लोंबकळून चाकात अडकला आणि गाडी उलटली. बाईंचं मनगट मोडलं, दोन ठिकाणी. एक बोल्ट गळून पडला होता. दुसरा अर्धा बाहेर. जांभळी रेघ तुटलेली.

साहेब आधी म्हणाले, बोल्टच खराब असणार, त्या लॉटमध्ये गडबड आहे. मला एकदम हलकं वाटलं. घरी येऊन वहीच्या मागे बोल्टचं लेबल शोधलं. शेपट्यावाल्या अक्षरांचं निघालं. मी चक्क मनात म्हटलं, त्या गावच्या माणसाने बोल्ट वाईट बनवलेला असू दे. मी त्याला ओळखत नाही. त्याला कुणी काही म्हटलं तर मला ऐकूही येणार नाही.

लिहून झाल्यावर वाचलं. खोडत नाही. असू दे, जे आहे ते.

२८ मार्च, शुक्रवार

बोल्ट चांगला निघाला. त्या गावच्या माणसाने त्याचं काम केलं होतं.

पडलेली गाडी गुरुवारची, वीस तारखेची. त्या दिवसाच्या इतर बारा गाड्या जवळच्याच दुकानांत गेल्या होत्या, त्या दोन दिवसांत शोधून तपासल्या. चार ठीक. बाकीच्यांत बोल्टवरची रेघ शाबूत, पण रेंच लावला की टक व्हायच्या आधी बोल्ट पाव फेरा फिरतो.

“म्हणजे काय?” साहेबांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. आमच्या तोंडून हवं होतं. त्यांच्या खोलीत मामा, मी आणि भिंतीवरचा पंखा, एवढेच होतो. पंखाच काय तो बोलत होता.

मामा म्हणाला, “म्हणजे रेघ आधी मारली. टक केलंच नाही.”

“कुणी?”

“मी. गुरुवारी दुपारी परत आलो. रेंच चेनवाल्याकडे होता. घाईत पान्याने आवळून रेघा मारल्या. तक्त्यावर सहीही माझीच आहे.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याने केल्या त्या चारच तर ठीक निघाल्या होत्या. मला वाटलं, त्याचा गोंधळ झालाय. वय झालं की दिवस एकमेकांत मिसळतात. तो इतक्या खात्रीने बोलत होता की मधे तोंड घालणं बरं दिसेना. असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला लगेच पटलंही.

मग साहेब माझ्याकडे वळले. “मंगळवार-बुधवारच्या सव्वीस गाड्या तू केल्यास. त्यांचं काय?”

खोलीत बसायला जागा होती तरी मी उभी होते. म्हटलं, “टक केलं होतं.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

मामा म्हणाला, “तिने केलं म्हणते तर केलं असणार, साहेब. मी हमी देतो.”

साहेबांनी श्वास सोडला. सव्वीसातल्या बहुतेक गाड्या ट्रकमधून लांब लांब गेल्यात. त्या परत बोलवायच्या म्हणजे वरपर्यंत बोंब झाली असती. “मग त्या उघडायला नकोत,” असं म्हणून त्यांनी फाईल मिटली. फाईलसुद्धा जांभळी होती. नाही, निळी होती. मला आज सगळंच जांभळं दिसतंय.

२९ मार्च, शनिवार

मामी धुतलेले कपडे दोरीवर टाकत होती. मी चिमटे देत होते.

“तुझा मामा,” ती म्हणाली, “दार लावलं का बघायला तीनदा उठतो. गॅस बंद आहे का बघायला दोनदा. लग्नाच्या दिवशी माझ्या बापाच्या स्कूटरची नटं तपासत बसला होता. आणि तो म्हणे टक करायला विसरला.”

मी चिमटा दिला.

“तुला काही सांगायचंय का गं?”

“नाही. काय सांगायचंय?”

“नाही, विचारलं आपलं.” तिने माझ्या हातातली चिमट्यांची टोपलीच काढून घेतली. “जा तू. मी करते.”

मामी आजकाल चिडचिडी झालीये.

४ एप्रिल, शुक्रवार

निकाल लागला. मामाची जागा काढून घेतली. त्याला यार्डात टाकलंय. तयार गाड्या फडक्याने पुसायच्या आणि प्लास्टिकने झाकायच्या. साहेब म्हणाले, बावीस वर्षं बघून घरी पाठवत नाही, उपकार समज. मामाने ते समजून घेतलं असावं. मान तरी हलवली.

मग साहेबांनी मला बोलावलं. “जागा रिकामी ठेवता येत नाही. तुला काम येतं. नव्या रंगासाठी वर कागद पाठवावा लागतो, दोन महिने जातात. जांभळा मोकळाच आहे. तूच घे.”

मी घेतला. इथे लिहिताना हात जड झालाय, पण तिथे घेताना नाही झाला. पटकन घेतला. एक क्षण तर बरंही वाटलं, ह्या वयात स्वतःचा रंग. कारखान्यात एवढ्या लवकर कुणाला मिळालेला नाही.

दुपारी यार्डाच्या दारातून मामा दिसला. पुढचं चाक पुसत होता. सवयीने त्याचा हात कॅलिपरकडे गेला आणि मधेच थांबून मागे आला. आता त्याला बोल्टला हात लावायची परवानगी नाही.

मला बघून म्हणाला, “रेघ मारताना मनगट टेकव. वाकडी जाते तुझी.”

पूर्वी खोकी फुटली की खोकेवाली हमखास मला हाक मारायची. आज खोकी फुटली, हाक आली नाही.

९ एप्रिल, बुधवार

प्रत्येक बोल्टला दोनदा टक करते. चेनवाला वैतागलाय. त्या सव्वीसांना काही होणार नाही. महिना उलटून गेला, व्हायचं असतं तर झालं असतं. हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणायचं, ह्याला काही हद्द असावी.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी मामीने औषधाच्या दुकानात पाठवलं. दुकानाबाहेर आपली गाडी उभी होती. लाल, मागे शिकाऊची पाटी. मी आजकाल रस्त्यात आपली गाडी दिसली की पलीकडच्या बाजूने जाते. आज पलीकडे खोदकाम होतं.

खाली बसले. सीटखाली पत्र्यावर तारखेचा शिक्का असतो. अठरा फेब्रुवारी. मंगळवार.

वरच्या बोल्टवरची जांभळी रेघ तुटली होती. डोक्यावरचा तुकडा एकीकडे, कॅलिपरवरचा दुसरीकडे. मधे नखभर अंतर. बोटाने फिरवून पाहिला. बोल्ट बोटाने फिरला.

“काय हो, काय चाललंय?” मागून आवाज आला. मामाच्याच वयाचे गृहस्थ होते, हातात औषधाची पिशवी आणि नवं कोरं हेल्मेट. चोरी पकडली असं त्यांना वाटलं असेल तर ते फार चुकले नव्हते.

“ब्रेकचा बोल्ट सैल आहे. गाडी चालवू नका.”

“छे! कंपनीची गाडी आहे.” ते वाकून बघायला लागले आणि खुशीत आले. “ती रेघ दिसते ना जांभळी? तपासल्याची खूण आहे ती. दुकानदाराने मुद्दाम दाखवली. म्हणून तर घेतली हो. ह्या वयात शिकतोय, मुलं हसतात. म्हटलं, निदान गाडी तरी खात्रीची असावी.”

त्यांनी बोट लावून मला माझीच रेघ समजावून सांगितली. कुठून सुरू होते, कुठे संपते.

मी म्हटलं, “ती रेघ मी मारलीय. तपासलं नव्हतं.”

त्यांना कळलं नाही. परत सांगितलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि विचारलं, “काल नातीला मागे बसवून फिरवलं. म्हणजे...?”

मी औषधाच्या दुकानातून पाना मागितला. त्यांच्याकडे नव्हता. शेवटी आम्ही दोघांनी गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेली. ते एका बाजूला, मी दुसऱ्या. तेवढ्या रस्त्यात ते एकदाही माझ्याशी बोलले नाहीत. गॅरेजवाल्याला मात्र म्हणाले, “ह्या बाई कंपनीच्या आहेत.”

घरी आले तर मामा कुकरच्या दांडीचा स्क्रू आवळत होता. औषध आणायचं विसरले होते. उभ्यानेच बोलायला सुरुवात केली, म्हणजे बसून परत उठायला नको.

“मामा, गुरुवारच्या त्या नऊ गाड्या तुझ्या नव्हत्या. माझ्या होत्या.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. स्क्रू आवळतच राहिला. “त्याच दिवशी बघितलं. तू रेघा मारून स्टोअरमध्ये गेली होतीस. रेंच तर चेनवाल्याच्या खुंटीला.”

“मग तू बोलला का नाहीस?”

“तू हो म्हणालीस. मला ते हो खरं धरायचं होतं. मग ती बाई पडली. तेव्हा म्हटलं, पोरगी कधी नव्हे ती एका जागी टिकलीये, एका दिवसाच्या चुकीसाठी तिला कशाला... माझं काय, माझी झाली की नोकरी.”

स्वयंपाकघराच्या दारात मामी उभी होती. तिला सगळं माहीत होतं. गोंधळ कुणाचाच झाला नव्हता. चिडचिडं कुणीच झालं नव्हतं.

“मामा, एक दिवस नाही. मंगळवार आणि बुधवारपण. सव्वीसच्या सव्वीस.”

त्याचा हात थांबला. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मी त्याला चौदा वर्षं एका जागी उभा राहिलेला माणूस म्हणून ओळखते, आज पहिल्यांदा तो धपकन बसला.

“मी हमी दिली,” तो म्हणाला. “साहेबांनी तुला विचारलं आणि मी हमी दिली. एका दिवसापुरतं तुला वाचवलं असं मला वाटत होतं. सव्वीस माणसांना मी रस्त्यावर तसंच फिरू दिलं. पंधरा दिवस.”

“तू नाही. मी.”

“मी विचारलं असतं दुसऱ्यांदा, तर तू सांगितलं असतंस?”

सांगितलं नसतं. त्याने चपला घातल्या. “चल. साहेब रविवारी घरीच असतात.”

१४ एप्रिल, सोमवार

साहेबांनी काल दारातच ऐकून घेतलं. आत बोलावलं नाही. आधी मला म्हणाले, “इतके दिवस काय करत होतीस?” मग मामाकडे बघून, “आणि तुम्ही?” ते मामाला आजवर ‘तू’ म्हणायचे. ‘तुम्ही’ ऐकताना मामाची मान खाली गेली. इतकं वाईट ‘तुम्ही’ मी कधी ऐकलं नाही.

आज सकाळपासून फोन चालू आहेत. सव्वीस गाड्यांचे नंबर काढले, दुकानदारांना कळवलं, चालवू नका म्हणून. मला कागदावर सगळं लिहून द्यायला लावलं. माझं लिहिणं आधी पाच पानं झालं. साहेब म्हणाले, गोष्ट नको, काय केलं ते लिही. मग सात ओळींत बसलं.

मार्कर टेबलावर ठेवून आले. मला काढलंय. मामालाही काढलंय, खोटा जबाब दिला म्हणून. यार्डातले दोघं-तिघं त्याला फाटकापर्यंत सोडायला आले. माझ्याशी कुणी बोललं नाही. चेनवाला तेवढा म्हणाला, “रेंच मागायचा होतास गं. दिला असता.”

३ मे, शनिवार

सव्वीसपैकी सव्वीस सापडल्या. खोकेवाली बाजारात भेटली, तिने सांगितलं. एकोणीस सैल होत्या. एक जण महिन्यापूर्वी घसरून गुडघा फोडून घेऊन बसलाय, पण तो म्हणतो रस्त्यावर वाळू होती. वाळू होती, असं मीही मानून चालू शकते. मला तसं मानता येतं, फार सहज येतं. तोच तर त्रास आहे.

मामा एका सायकलच्या दुकानात बसायला लागलाय. पंक्चर, ब्रेकच्या तारा, वगैरे. माझ्याशी बोलतो. मीठ दे, पंखा लाव, असं. मामीही बोलते. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की मन मोकळं होईल. तसं काही झालं नाही. उलट आता लपवायला काही उरलं नाही, म्हणून सगळं समोरच असतं.

दोनदा पिशवी भरली. निघून जाणं मला चांगलं जमतं. दोन्ही वेळा मामीने पिशवीकडे नुसतं बघितलं. दोन्ही वेळा परत रिकामी केली.

खोकेवालीला मी जाता जाता विचारलं होतं, त्या पडलेल्या बाईंना कळवलं ना?

“शाळेला गाडी बदलून दिली की नवीन.”

“आणि बाईंना?”

“त्यांना काय कळवायचं? त्यांनी कुठे गाडी विकत घेतली होती.”

११ मे, रविवार

शिकवायच्या शाळेतून पत्ता मिळवला. तिसरा मजला. जिन्यात दोनदा माघारी फिरले. दुसऱ्यांदा तर पार खाली फाटकापर्यंत गेले आणि तिथल्या पाट्या वाचत उभी राहिले.

दार त्यांनीच उघडलं. चाळिशीच्या असतील. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट अजून पट्ट्यात होतं आणि कडी त्यांनी डाव्या हाताने काढली. आतून टीव्हीचा आवाज येत होता.

मी पाठ केलेलं विसरले. सरळ म्हटलं, “तुम्ही ज्या गाडीवरून पडलात ना, तिचा ब्रेक मी बसवला होता. बोल्ट नीट आवळला नव्हता. आवळल्याची खूण मात्र केली होती.”

त्यांनी पट्ट्यातलं मनगट दुसऱ्या हाताने धरलं. मग म्हणाल्या, “म्हणजे माझं चुकलं नव्हतं?”

“नाही.”

“मी ब्रेक एकदम दाबला असं सर म्हणाले. वळणावर घाबरून दाबला असेल, असं.”

“कसाही दाबला असता तरी तो सुटलाच असता. हळू दाबला असता तरी.”

त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. आवाज अगदी लहान झाला. “सात आठवडे झाले. रोज रात्री झोपताना मी ते वळण घेते. दर वेळेला म्हणते, आता नीट घे. आता घाबरू नकोस. घरात तर विषयच बंद आहे. ह्यांनी फी भरलेली उरली होती ती परत आणली. म्हणाले, प्रत्येकाला जमतंच असं नाही. मुलगा म्हणतो, आई तू मागेच बस. मीही म्हटलं, खरंय, मला नाहीच जमणार. लाज वाटायची हो मला. रस्त्यात गाडी दिसली की मान वळवायचे.”

मान मीही वळवायचे. लाज माझी होती आणि सात आठवडे ती ह्या बाईंनी वागवली होती. माफी मागायचं ठरवून आले होते, पण तो शब्द तोंडात आला तेव्हा इतका स्वस्त वाटला की बाहेर काढवेना.

“तुम्हाला जमत होतं,” मी म्हटलं.

त्यांचे डोळे भरले आणि लगेच रागाने कोरडे झाले. मला वाटलं, आता दार तोंडावर आपटतील. मी एक पायरी खाली उतरलेही.

“कुठे चाललीस?” त्या म्हणाल्या. दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाल्या. “आत ये. हे बसलेत, मुलगाही आहे. आत्ता मला जे सांगितलंस ना, तेच, जसंच्या तसं, त्यांच्यासमोर सांग. एक शब्द गाळू नकोस.”

आत कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

मी आत गेले आणि पहिल्यापासून सांगितलं.